सेफ्ट्रियाक्सोनला ‘सेन्सिटिव्ह’, तरी सहाव्या दिवशी ताप: एंटेरोबॅक्टरचे एक प्रकरण

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या रक्तात एंटेरोबॅक्टर क्लोएसी हा आतड्यातला जिवाणू सापडतो. रिपोर्टवर सेफ्ट्रियाक्सोन या प्रतिजैविकापुढे ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू पडेल) असते, म्हणून ते औषध दिले जाते. ताप उतरतो आणि तीन दिवसांनी पुन्हा चढतो. आता रक्तात तोच जिवाणू असतो, पण सेफ्ट्रियाक्सोनला अजिबात दाद देत नाही. बीटा-लॅक्टम औषधांविरुद्धचा (पेनिसिलिन, सेफालोस्पोरिन यांच्या कुळातल्या) प्रतिरोध उपचार चालू असताना कसा उभा राहतो, हे इतके उघड दाखवणारी प्रकरणे थोडी आहेत. खालचा रुग्ण प्रातिनिधिक आहे. एका व्यक्तीची ही नोंद नसून रुग्णालयांत वारंवार दिसणारा क्रम घेऊन आकडे त्याला जुळतील असे मांडले आहेत. औषधांचे डोस, चाचण्यांच्या मर्यादा आणि जिवाणूचे वागणे मात्र प्रत्यक्षातले आहे.

घटनाक्रम

५८ वर्षांचा पुरुष, वजन ७० किलो. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाला छिद्र पडल्याने तेवढा भाग काढून टाकला होता. शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशी थंडी वाजून ३९.१ अंश सेल्सिअस ताप आला. नाडी ११२, रक्तदाब १०४/६२, पांढऱ्या पेशी १७,८००, क्रिएटिनिन १.३. हा दिवस शून्य धरू. दोन वेगवेगळ्या जागांवरून ब्लड कल्चरचे दोन संच घेतले, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलि रक्त. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम दर ६ तासांनी सुरू केले. सीटी स्कॅनमध्ये ओटीपोटात ६ × ५ × ५ सेंमी आकाराचा पू साचलेला दिसला. पुढच्या बाजूने आतड्याची वेटोळी आड येत होती, सुईला सुरक्षित वाट नव्हती, म्हणून निचरा लांबणीवर टाकला.

दुसऱ्या दिवशी एंटेरोबॅक्टर क्लोएसी गटाचा जिवाणू असल्याचे कळले आणि सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट आला. रुंद पल्ल्याचे औषध थांबवून अरुंद पल्ल्याचे द्यावे, या एरवी योग्य असलेल्या नियमाने सेफ्ट्रियाक्सोन २ ग्रॅम दिवसातून एकदा आणि मेट्रोनिडाझोल ५०० मिग्रॅ दर ८ तासांनी असा बदल केला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. रुग्ण बरा दिसू लागला, आणि निचऱ्याचा विषय मागे पडला.

सहाव्या दिवशी पुन्हा ३८.८ ताप, पांढऱ्या पेशी १९,२००, क्रिएटिनिन १.६. नव्या ब्लड कल्चरमध्ये पुन्हा एंटेरोबॅक्टर क्लोएसी.

दोन रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले तर

अशा वेळी पहिले काम म्हणजे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहणे. नुसते ‘एस’ आणि ‘आर’ (प्रतिरोधी) बघून भागत नाही, एमआयसीचे, म्हणजे जिवाणूची वाढ थांबवणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाचे, आकडे लागतात. आकडे मिग्रॅ प्रति लिटरमध्ये, आधी पहिला आणि मग दुसरा:

सेफॉक्सिटिन: ६४ किंवा जास्त, नंतरही तेच
सेफ्ट्रियाक्सोन: ०.२५ किंवा कमी, नंतर ६४ किंवा जास्त
सेफ्टाझिडीम: ०.५, नंतर ३२
पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम: ४ किंवा कमी, नंतर ६४
सेफेपीम: ०.१२ किंवा कमी, नंतर १
अर्टापेनेम: ०.१२ किंवा कमी, नंतर ०.५
मेरोपेनेम: ०.२५ किंवा कमी, नंतरही तेच
जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, कोट्रायमॉक्साझोल: दोन्ही वेळा पूर्ण संवेदनशील, आकड्यांत फरक नाही

आता शक्यता चार. रुग्णालयातला दुसराच एखादा एंटेरोबॅक्टर आत शिरला असेल. जुन्याच जिवाणूने ईएसबीएलचे (सेफालोस्पोरिन तोडणाऱ्या एन्झाइमाचे) जनुक असलेला प्लाझमिड, म्हणजे जिवाणूंमध्ये फिरणारा डीएनएचा सुटा तुकडा, मिळवला असेल. कार्बापेनेमेज, म्हणजे मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम औषधे तोडणारे एन्झाइम, आले असेल. किंवा जिवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रावरचे अँप-सी हे बीटा-लॅक्टम तोडणारे एन्झाइम बेसुमार बनू लागले असेल.

रिपोर्टची शेवटची ओळ सर्वांत बोलकी आहे. प्रतिरोधाची जनुके वाहणारे प्लाझमिड सहसा एकटे जनुक आणत नाहीत. जेंटामायसिन, कोट्रायमॉक्साझोल किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनपैकी एखाद्याला तरी त्यांच्यासोबत धक्का बसतो. इथे बीटा-लॅक्टमच्या बाहेर काहीच हललेले नाही. म्हणजे जिवाणू बहुधा तोच आहे आणि बाहेरून काही आलेले नाही. दुसरी खूण सेफेपीमची. सीटीएक्स-एम जातीचे ईएसबीएल असते, तर सेफ्ट्रियाक्सोनबरोबर सेफेपीमचा आकडाही बराच वर गेला असता. तो फक्त १ वर आहे, संवेदनशीलतेची मर्यादा २. मेरोपेनेम जागचे हललेले नाही, त्यामुळे कार्बापेनेमेजची शक्यता मागे पडते. सेफ्ट्रियाक्सोन, सेफ्टाझिडीम आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम एकदम जाणे, सेफेपीम आणि मेरोपेनेम टिकणे, ही अँप-सी अनिर्बंध झाल्याची ठरलेली खूण आहे. प्रयोगशाळेच्या पुढच्या चाचण्या यायला एक-दोन दिवस लागतील, पण उपचार बदलण्याइतकी माहिती या दोन कागदांतच आहे.

पहिला रिपोर्ट चुकीचा होता का?

नव्हता. पण तो कशाबद्दल बोलत होता, हे समजून घ्यायला हवे, कारण सगळे प्रकरण याच प्रश्नावर उभे आहे.

एमआयसी काढण्याच्या ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन पद्धतीत प्रत्येक खाचेत साधारण ०.१ मिलि द्रव असतो आणि जिवाणूंची घनता मिलिमागे ५ लाख ठेवली जाते. म्हणजे एका खाचेत ५०,००० जिवाणू. रिपोर्टवरचे ‘एस’ या पन्नास हजारांबद्दल आहे आणि त्यांच्यापुरते खरे आहे.

आता पोटातल्या पुवाकडे पाहू. ६ × ५ × ५ सेंमीच्या लंबगोल पोकळीत जवळपास ८० मिलि पू मावतो. मिलिमागे १० कोटी जिवाणू धरले, तर एकूण ८०० कोटी. एंटेरोबॅक्टर क्लोएसीमध्ये अँप-सी अनिर्बंध झालेले उत्परिवर्ती किती असतात, याची प्रयोगशाळेतली मोजमापे वाणानुसार बदलतात. १० कोटींत एक ते १० लाखांत एक हा साधारण पल्ला. यातला सर्वांत कमी दर धरला तरी त्या पोकळीत सेफ्ट्रियाक्सोनचा पहिला थेंब जाण्याआधीच ८० प्रतिरोधी जिवाणू हजर होते. जास्तीचा दर धरला तर ८,०००. पन्नास हजारांच्या खाचेत त्यांच्यातला एकही सापडण्याची शक्यता फार कमी.

औषधाने प्रतिरोध ‘निर्माण’ केला असे म्हणण्याची सवय आहे. इथे औषधाने निवड केली. संवेदनशील जिवाणू मेले, ताप उतरला, पांढऱ्या पेशी कमी झाल्या आणि उरलेल्या ऐंशींना मोकळी जागा व अन्न मिळाले. ८० चे ८०० कोटी व्हायला २७ वेळा दुप्पट व्हावे लागते. पुवात वाढ संथ असते. एका दुपटीला ३ तास धरले, तर ८१ तास. साडेतीन दिवसांहून थोडे कमी. तिसऱ्या ते पाचव्या दिवसातला बरा काळ आणि सहाव्या दिवशीचा ताप यांचा हिशेब असा लागतो.

हा योगायोग नाही, हे १९९१ सालीच पुढे आले होते. एंटेरोबॅक्टरने रक्तसंसर्ग झालेल्या १२९ रुग्णांच्या अभ्यासात तिसऱ्या पिढीचे सेफालोस्पोरिन मिळालेल्या ३१ जणांपैकी ६ जणांमध्ये, म्हणजे १९ टक्क्यांत, उपचारादरम्यान प्रतिरोध उभा राहिला. प्रयोगशाळांच्या मानकांतही या जिवाणूंसाठी इशारा आहे: सुरुवातीला संवेदनशील असलेला वाण उपचार सुरू झाल्यावर काही दिवसांत प्रतिरोधी होऊ शकतो, म्हणून पुन्हा सापडल्यास पुन्हा चाचणी करावी. अडचण अशी की हा इशारा बऱ्याच रिपोर्टांत शेवटी बारीक अक्षरांत छापला जातो आणि ‘एस’ मात्र ठळक दिसतो.

अँप-सी कसे उघडते

बीटा-लॅक्टम औषधांचे काम पेशीभित्तिकेवर चालते. भित्तिका म्हणजे साखरेच्या साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे अमिनो आम्लांचे छोटे दुवे. हे दुवे जोडणाऱ्या एन्झाइमांना पेनिसिलिन-बंधक प्रथिने म्हणतात. दुव्याच्या टोकाला डी-अ‍ॅलानिनची जोडी असते आणि बीटा-लॅक्टमचे चौकोनी कडे आकाराने या जोडीसारखे भासते; टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी १९६५ मध्ये हे मांडले. एन्झाइमातील सेरीन त्या कड्यावर हल्ला करते, कडे उघडते आणि औषध सेरीनला चिकटून बसते. सुटका इतकी संथ की एन्झाइम कामातून गेल्यातच जमा. भित्तिका अर्धवट राहते आणि वाढणारी पेशी फुटते. वाढ थांबलेल्या पेशीवर म्हणूनच या औषधांचा परिणाम फार कमी. साचलेल्या पुवात अशा सुस्त पेशी पुष्कळ असतात.

अँप-सी हेही सेरीनवालेच एन्झाइम. तेसुद्धा कडे उघडते, औषध त्यालाही चिकटते. फरक पुढच्या पायरीत: अँप-सीमध्ये पाण्याचा रेणू आत घुसून तो बंध तोडतो, निकामी झालेले औषध बाहेर पडते आणि एन्झाइम पुढच्या रेणूला मोकळे होते. सेफ्ट्रियाक्सोनच्या बाजूच्या साखळीमुळे हे तोडणे संथ होते. त्यामुळे थोडेसे अँप-सी असून चालत नाही. सेफ्ट्रियाक्सोन निष्प्रभ करायला ते भरपूर लागते. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि प्रमाण ठरवणारी यंत्रणा जिवाणूकडे आधीपासून आहे.

एंटेरोबॅक्टरसारखे जिवाणू प्रत्येक पिढीत आपल्या भित्तिकेचा जवळपास निम्मा भाग सोडवून पुन्हा वापरतात. सुटलेले तुकडे अँप-जी नावाच्या वाहकामार्फत पेशीच्या आत येतात. तिथे अँप-डी हे एन्झाइम साखर आणि पेप्टाइड वेगळे करते, आणि पेप्टाइड नव्या भित्तिकेच्या कच्च्या मालात जाते. अँप-सीच्या जनुकाशेजारी अँप-आर हे नियामक प्रथिन बसलेले असते. त्याला भित्तिकेचा कच्चा माल चिकटलेला असेपर्यंत ते अँप-सीला दाबून ठेवते. सेफॉक्सिटिन किंवा इमिपेनेमसारखे औषध आले की भित्तिका झपाट्याने तुटू लागते आणि आत येणाऱ्या तुकड्यांचा ढीग अँप-डीला आवरत नाही. न कापलेले तुकडे कच्च्या मालाला बाजूला सारून अँप-आरला चिकटतात, आणि दाबणारे तेच प्रथिन आता जनुक चालू करते. औषध गेले की ढीग ओसरतो आणि अँप-सी पुन्हा तळाला जाते. याला प्रेरण म्हणतात.

सेफ्ट्रियाक्सोन हे प्रेरण फारसे करत नाही. म्हणूनच पहिल्या चाचणीत तळच्या पातळीवरचे अँप-सी त्याला पुरे पडले नाही आणि रिपोर्ट ‘एस’ आला. सेफॉक्सिटिन मात्र स्वतःच अँप-सी उघडते आणि स्वतःच त्याच्या तावडीत सापडते, म्हणून दोन्ही रिपोर्टांत ते प्रतिरोधी.

आता अँप-डीचे जनुकच बिघडले तर? औषध असो वा नसो, तुकडे कापले जात नाहीत, अँप-आर कायम चालू स्थितीत राहते आणि अँप-सी शेकडो पटींनी बनत राहते. हे असे बिघडणे इतके सोपे का, याचे उत्तर जनुकांच्या स्वभावात आहे. नवी क्षमता मिळवायची तर ठराविक जागी ठराविक बदल व्हावा लागतो. अँप-डी मोडायला मात्र सुमारे साडेपाचशे अक्षरांच्या जनुकात कितीतरी ठिकाणचा कुठलाही बदल पुरतो: एखादे अक्षर गळणे, मध्येच थांब-संकेत येणे, एखादा तुकडा घुसणे. या प्रकरणासारख्या जोड्यांचे पूर्ण जनुकवाचन केले, तर नेहमी दिसणारे चित्र हेच: बाकी जीनोम जुळतो आणि दुसऱ्या वाणात अँप-डी अर्ध्यात तुटलेले असते.

ई. कोलायमध्ये अँप-सी असते, पण अँप-आर नसते. त्यामुळे तिथे हा खेळ चालत नाही. क्लेबसिएला न्युमोनिएच्या गुणसूत्रावर अँप-सी नसतेच. तेव्हा ई. कोलायच्या रिपोर्टवरचे सेफ्ट्रियाक्सोनचे ‘एस’ आणि एंटेरोबॅक्टरच्या रिपोर्टवरचे ‘एस’ दिसायला सारखे असले, तरी सारख्या विश्वासाचे नाहीत. एंटेरोबॅक्टर क्लोएसी गट, क्लेबसिएला एरोजेनेस (२०१७ पर्यंत एंटेरोबॅक्टर एरोजेनेस या नावाने ओळखला जाणारा) आणि सिट्रोबॅक्टर फ्रुंडी या तिघांबाबत हा धोका खरा आहे. सेराशिया, मॉर्गानेला आणि प्रोव्हिडेन्सिया यांच्याकडे हीच जनुके असली तरी अनिर्बंध उत्परिवर्ती फार क्वचित तयार होतात. त्यांना या यादीत सरसकट ढकलून कार्बापेनेम वापरणे अनाठायी आहे.

प्रयोगशाळेत काय तपासावे

आधी दुसरा वाण शुद्ध आहे ना, ते पाहावे. मिश्र वाढीवर केलेली चाचणी सगळ्यांना फसवते. मग पहिला वाण फ्रीझरमधून काढावा. रक्तातून मिळालेला प्रत्येक ग्रॅम-निगेटिव्ह वाण १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ७० अंशांवर ठेवण्याची पद्धत असेल, तरच हे शक्य होते. प्लेटी आठवड्याने टाकून दिल्या, तर ‘तोच की दुसरा’ हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो.

दोन्ही वाण ४ मिमी जाडीच्या म्युलर-हिंटन अगारवर पसरून सेफ्टाझिडीमची ३० मायक्रोग्रॅमची डिस्क आणि तिच्यापासून केंद्र ते केंद्र २० मिमीवर सेफॉक्सिटिनची ३० मायक्रोग्रॅमची डिस्क ठेवावी. ३५ अंशांवर १६ ते १८ तासांनी पहिल्या वाणाच्या प्लेटवर सेफ्टाझिडीमभोवतीचे मोठे वर्तुळ सेफॉक्सिटिनच्या बाजूला सपाट झालेले दिसते. सेफॉक्सिटिन पसरले तिथे अँप-सी उघडले आणि तेवढ्या बाजूला जिवाणू वाचले. दुसऱ्या वाणाच्या प्लेटवर वर्तुळ मुळातच इवलेसे, आणि सपाटपणा कुठेच नाही; जे सतत उघडे आहे ते आणखी काय उघडणार?

पहिल्या प्लेटवर आणखी एक गोष्ट नीट उजेड धरून बघावी. सेफ्टाझिडीमच्या स्वच्छ वर्तुळात कधी कधी एक-दोन सुट्या वसाहती दिसतात. डिस्क पद्धतीत पृष्ठभागावर पसरलेले जिवाणू खाचेतल्यापेक्षा पुष्कळ जास्त असतात, त्यामुळे उत्परिवर्ती इथे सापडू शकतात. या वसाहती मळ समजून सोडून देऊ नयेत. उचलून, शुद्ध करून, पुन्हा ओळख पटवून एमआयसी काढावा. बहुतेकदा पुढे येणाऱ्या दुसऱ्या रिपोर्टचे आकडे आधीच हाती येतात.

अँप-सीची खात्री करायला फेनिलबोरोनिक आम्ल ४०० मायक्रोग्रॅम घातलेली आणि न घातलेली अशा दोन डिस्क वापरतात. ५ मिमी किंवा अधिक वाढ म्हणजे अँप-सी. पण बोरोनिक आम्ल केपीसी या कार्बापेनेमेजलाही अडवते, म्हणून ही चाचणी एकटी पुरेशी नाही. क्लॉक्सासिलिन अँप-सीला अडवते, केपीसीला नाही. दोन्ही केल्यास गोंधळ टळतो.

क्लॅव्ह्युलॅनिक आम्लावर आधारलेली नेहमीची ईएसबीएल चाचणी एंटेरोबॅक्टरमध्ये फसवी आहे. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल अँप-सीला अडवत तर नाहीच, उलट ते उघडते. मग ईएसबीएल असूनही फरक दिसत नाही आणि रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ जातो. शंका असेल तर सेफेपीमच्या डिस्कशेजारी क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल ठेवावे, कारण सेफेपीमला अँप-सीचा त्रास जेमतेम होतो, किंवा थेट सीटीएक्स-एमची पीसीआर (जनुक शोधणारी चाचणी) करावी.

कार्बापेनेमेज नाही, हे एमसीआयएम या चाचणीने पक्के होते. २ मिलि ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये १ मायक्रोलिटरच्या लूपभर जिवाणू आणि मेरोपेनेमची १० मायक्रोग्रॅमची डिस्क ४ तास ठेवायची. मग ती डिस्क संवेदनशील ई. कोलाय पसरलेल्या प्लेटवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी वर्तुळ १९ मिमी किंवा जास्त आले, तर कार्बापेनेमेज नाही. ६ ते १५ मिमी म्हणजे आहे. १६ ते १८ मिमी आल्यास निर्णय राखून पुन्हा चाचणी. या प्रकरणात बोरोनिक आणि क्लॉक्सासिलिन दोन्ही सकारात्मक, सीटीएक्स-एम नाही, एमसीआयएमचे वर्तुळ २३ मिमी.

उपचार: आधी निचरा

सेफ्ट्रियाक्सोनचा डोस वाढवून बघू, ही सूचना अशा वेळी कुणीतरी करतेच. तिचा हिशेब करून टाकावा. २ ग्रॅम शिरेतून दिल्यावर रक्तातली शिखरपातळी लिटरला सुमारे २५० मिग्रॅ. त्यातले ८५ ते ९५ टक्के प्रथिनांना चिकटलेले, म्हणजे मोकळे औषध शिखरालाही फार तर ३५ ते ४०. एमआयसी ६४ किंवा जास्त. सेफालोस्पोरिनचा परिणाम हवा, तर मोकळे औषध डोसमधल्या काळाच्या निदान ६० टक्के वेळ एमआयसीच्या वर राहायला हवे. इथे ते एक क्षणही राहत नाही. पुवाच्या पोकळीत तर पातळी आणखी कमी.

म्हणून सर्वांत आधी निचरा. सीटी पुन्हा केल्यावर नितंबाच्या बाजूने वाट सापडली. १२ फ्रेंचची नळी घालून ७५ मिलि पू काढला. प्रतिरोधी जिवाणूंची संख्या कोट्यवधींनी खाली आणण्याचे काम कुठल्याही औषधापेक्षा ही नळी लवकर करते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढच्या औषधाविरुद्धचे उत्परिवर्ती सापडण्याची शक्यताही तितकीच घटते. पहिल्या सीटीनंतर वाट सापडली नव्हती हे खरे, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, रुग्ण बरा दिसत असतानाच, वेगळी वाट शोधायला हवी होती. ताप उतरला म्हणजे पू गेला असे नाही.

औषध सेफेपीम निवडले. त्याच्या रेणूवर दोन्ही प्रकारचे विद्युतभार असल्याने ते पोरिनमधून (जिवाणूच्या बाहेरच्या पटलातील छिद्रांतून) झपाट्याने आत शिरते, अँप-सीशी त्याचे आकर्षण कमी आणि प्रेरणही कमी. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम पुन्हा सुरू करण्यात अर्थ नव्हता; टॅझोबॅक्टम अँप-सीला नीट अडवत नाही. मेरोपेनेम चालले असते, ते अँप-सीपुढे भक्कम आहे. पण सेफेपीमचा एमआयसी २ किंवा कमी असताना आणि ईएसबीएल नसताना कार्बापेनेम राखून ठेवणेच बरे. सेफेपीम ४ ते ८ असता, तर सोबत ईएसबीएल असण्याची शंका घेऊन मेरोपेनेमच योग्य ठरले असते.

डोस मूत्रपिंडावर ठरतो, कारण सेफेपीम बहुतांशी लघवीवाटे जसेच्या तसे बाहेर पडते. क्रिएटिनिन १.६ असताना कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने क्लिअरन्स मिनिटाला ५० मिलि येतो: (१४० − ५८) × ७० भागिले (७२ × १.६). पहिला डोस पूर्ण २ ग्रॅम, पुढे २ ग्रॅम दर १२ तासांनी, प्रत्येक डोस ३ तासांच्या संथ इन्फ्यूजनने. निचऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.२ वर आले, क्लिअरन्स ६६, तेव्हा डोस २ ग्रॅम दर ८ तासांनी केला. हा बदल विसरला तर औषध कमी पडते. उलट बाजूने, मूत्रपिंड बिघडत असताना ८ तासांचाच डोस चालू ठेवला, तर गोंधळलेपण, स्नायूंचे झटके, कधी फेफरेही येते. सेफेपीमवरचा रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला, तर संसर्ग वाढला असे गृहीत धरण्याआधी त्या दिवशीचे क्रिएटिनिन पाहावे.

४८ तासांनी ब्लड कल्चर निर्जंतुक आले. उपचाराचे दिवस निचऱ्याच्या दिवसापासून मोजले. आधीचे सेफ्ट्रियाक्सोनचे दिवस हिशेबात धरले नाहीत, कारण प्रतिरोधी जिवाणूंवर त्यांचा काहीच परिणाम नव्हता. पोटातला संसर्ग नीट निचरा झाल्यावर सुमारे ४ दिवसांत आटोपतो, हे २०१५ मध्ये ५१८ रुग्णांच्या चाचणीत दिसले होते. इथे रक्तसंसर्गही असल्याने ७ दिवस दिले. शेवटचे दोन दिवस सिप्रोफ्लॉक्सासिन तोंडाने. या औषधाचा मार्गच वेगळा, अँप-सीचा त्याच्याशी संबंध नाही.

पुढे काय बिघडू शकते

दुसऱ्या रिपोर्टमधला अर्टापेनेमचा आकडा ०.१२ वरून ०.५ वर सरकला आहे. तो ‘एस’च आहे, पण संवेदनशीलतेच्या कडेवर. बेसुमार अँप-सी असलेल्या जिवाणूने बाहेरच्या पटलातील पोरिन गमावले, तर कार्बापेनेम आत शिरतानाच अडखळते आणि जे थोडे आत येते ते भल्यामोठ्या अँप-सीच्या साठ्यात अडकून जाते. कार्बापेनेमेज नसतानाही मग अर्टापेनेम आधी जाते, पुढे मेरोपेनेमचा आकडा चढतो. अशा वाणाचा एमसीआयएम निगेटिव्ह येतो आणि रिपोर्टवर कार्बापेनेम ‘आर’ दिसते. दोन्ही खरे असतात. पू तसाच ठेवून आठवडेच्या आठवडे मेरोपेनेम चालवले, तर या वाटेला आमंत्रण मिळते.

मूत्राशयापुरत्या साध्या संसर्गात हाच एंटेरोबॅक्टर सापडला, तर मात्र सेफ्ट्रियाक्सोन चालते. जिवाणूंची संख्या तुलनेने कमी, लघवीत औषधाची पातळी भरपूर, आणि साठा दर काही तासांनी बाहेर पडतो. जिवाणूचे नाव बघून सगळीकडे एकच नियम लावण्यापेक्षा संख्या किती आणि ती कुठे साचली आहे, हे विचारावे.

अँप-डीचा बिघाड गुणसूत्रावर आहे, प्लाझमिडवर नाही. त्यामुळे तो दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडे उडी मारत नाही. पण हा वाण स्वतः हातांवरून, नळ्यांवरून पसरू शकतो, म्हणून रुग्णाला स्पर्शजन्य संसर्गाची खबरदारी लागू केली. सेफ्ट्रियाक्सोनचा बराच भाग पित्तातून आतड्यात उतरतो, तेव्हा अशीच निवड आतड्यातही झाली असणार. डिस्चार्ज कार्डावर म्हणून तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: अँप-सी अनिर्बंध झालेला एंटेरोबॅक्टर क्लोएसी सापडल्याची तारीख, पुढच्या काही महिन्यांत गंभीर संसर्ग झाल्यास सेफ्ट्रियाक्सोन, सेफ्टाझिडीम आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमवर सुरुवात करू नये, आणि सेफेपीमचा एमआयसी १, अर्टापेनेमचा ०.५.